क्लासिक क्रॉस-कंट्री स्कीइंग: वापरायला सोपं बायंडिंग कुठलं? ऑटो, मॅन्युअल की आणखी काही?

मंदगती

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, डोंगरावरून सुसाट खाली येणाऱ्या स्कीइंगचा हा धागा नाही. सपाट किंवा थोड्याफार चढउताराच्या बर्फात त्या दोन समांतर चाकोऱ्या आखलेल्या असतात ना, त्यातून एक पाय मग दुसरा पाय असं सरकत जायचं जे क्लासिक क्रॉस-कंट्री, त्याबद्दल विचारायचंय. इतके दिवस भाड्याच्या सामानावर भागवलं, आता मी आणि बायको दोघंही स्वतःचं घेतोय. स्की कुठल्या ते ठरत आलंय, काठ्यांचा प्रश्न नाही, पण बायंडिंग (म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग) म्हटलं की जो तो वेगळंच सांगतोय. एक म्हणतो डोळे मिटून ऑटोमॅटिक घे, दुसरा म्हणतो ऑटो म्हणजे डोक्याला ताप, मॅन्युअलच बरं, तिसऱ्याने टर्नॅमिक नावाचं काहीतरी सुचवलं आणि चौथ्याने विचारलं "बूट कुठल्या सिस्टिमचे आहेत?" तर मला उत्तरच देता येईना.

शर्यतीबिर्यतीत आम्हाला पडायचं नाही. बायकोची कंबर अधूनमधून धरते त्यामुळे दर वेळी खाली वाकून खटपट नको. मला वाकायचं काही वाटत नाही पण थंडीत हातमोजा काढायचा म्हटलं की जिवावर येतं. तेव्हा "वापरायला सोपं" एवढी एकच अट. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचकमात्र

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

लोखंडी कोंबडा

तो चौथा माणूस शहाणा आहे. आधी बूट, मग बायंडिंग, उलटं नाही. पाय आपला असतो, बूट पायाला बसला पाहिजे, आणि बुटाचा तळवा कुठला ते कळलं की बायंडिंगचे अर्धे पर्याय आपोआप बाद होतात.

थोडक्यात सांगतो. क्रॉस-कंट्रीत टाच मोकळी असते, बायंडिंग बुटाला फक्त पुढे धरतं. बुटाच्या टोकाखाली धातूची एक आडवी बारीक दांडी असते, ती पकडायची आणि पाय तिच्यावर बिजागरीसारखा फिरतो. तळव्याला लांबीच्या दिशेने खाचा असतात आणि बायंडिंगच्या प्लेटवर त्यात बसणारे कंगोरे. दांडी नेमकी कुठे आहे, किती जाड आहे आणि खाचा किती आहेत यालाच सगळे सिस्टिम म्हणतात.

आज नवीन घ्यायला गेलात तर तीन नावं कानावर पडतील. एनएनएन, हे नॉर्वेच्या रॉटेफेला कंपनीचं. प्रोलिंक, हे सॉलोमन आणि अ‍ॅटॉमिकचं. आणि टर्नॅमिक, हे फिशर आणि रॉसिन्योलचं. घाबरू नका, नावं तीन असली तरी बुटाचा तळवा एकमेकांना चालतो. एनएनएनचा बूट प्रोलिंकमध्ये बसतो, टर्नॅमिकमध्येही बसतो, उलटही. पूर्वी असं नव्हतं. सॉलोमनची एसएनएस म्हणून वेगळीच सिस्टिम होती, एनएनएनशी अजिबात न जुळणारी, आणि लोक दोन तट पाडून भांडायचे. २०१६ मध्ये प्रोलिंक आलं आणि सॉलोमननेच एनएनएनशी जुळणारा तळवा घेतला, तेव्हा ते भांडण जवळपास मिटलं. म्हणून नवीन घेणाऱ्याने एनएनएन जुळणारे बूट घ्यावेत, पुढे कुठल्याही कंपनीचं बायंडिंग मोकळेपणाने निवडता येतं.

शीतल वारा

कोंबडेराव छान लिहिलंत. पण मूळ प्रश्न ऑटो की मॅन्युअल हा आहे ना, मी तर ऑटोच्या बाजूने. अहो किती सोपं, पायाचं टोक जरा खाली करायचं, दांडी खाचेत टेकवायची, वजन टाकायचं, टक्क आवाज आला की झालं. काढायचं तर पुढच्या बटणावर काठीचं टोक दाबायचं आणि पाय उचलायचा, वाकायचं नाव नाही. ताईंची कंबर दुखते तर याच्याहून वेगळं काय सुचवणार?

खटपट्या

शीतलताई, टक्क आवाज येतो तेव्हा सगळं छानच असतं. प्रश्न तो न येण्याचा आहे.

ऑटोमध्ये आत स्प्रिंगवर चालणारा जबडा असतो. बुटाची दांडी वरून दाबली की जबडा उघडतो, दांडी आत जाते, जबडा मिटतो. आता दांडीच्या खाली जी पोकळी असते तिथे बर्फ भरला तर दांडी पूर्ण खाली जातच नाही. किंवा अर्धवट जाते, अर्धा टक्क होतो, माणसाला वाटतं लागलं, आणि पहिल्याच उतारावर बूट बाहेर. शून्याच्या आसपासचा ओला चिकट बर्फ असेल किंवा मध्ये स्की काढून इकडेतिकडे चालला असाल तर हे हमखास. मॅन्युअलमध्ये तुम्ही खटका हाताने उघडता, दांडी आत ठेवता, डोळ्यांनी बघता की नीट बसलीय, मग खटका दाबून बंद करता. थोडा बर्फ असला तरी खटक्याच्या जोराने दांडी दाबून बसते, आणि नसेल बसत तर खटका बंदच होत नाही, म्हणजे फसवणूक नाही. ऑटो म्हणजे ओढलं की आपोआप लागणारं दार, मॅन्युअल म्हणजे कडी. कडी लागली की नाही ते लावणाऱ्याला कळतंच.

शर्यतीवाले मॅन्युअलकडे का वळतात त्याची बाकी कारणं आहेत, वजन थोडं कमी, पकड घट्ट. तो आपला विषय नाही.

शीतल वारा

खटपट्या, पण मग सगळ्या भाड्याच्या स्कीवर ऑटो का असतं? वाईट असतं तर ठेवलं असतं का?

खटपट्या

वाईट कुठे म्हटलं? नवख्या माणसाला दोन वाक्यांत शिकवता येतं म्हणून तिथे ऑटो. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला खाली वाकून खटका दाखवत बसायला वेळ नसतो. तिथली सोय आणि रानात बर्फ साचल्यावरची सोय या दोन वेगळ्या गोष्टी, एवढंच माझं म्हणणं.

आजीचा नातू

दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही एक गोष्ट सोडताय. सोपं कुणासाठी आणि कधी? आत शिरताना सोपं हे सगळे दुकानात गालिच्यावर उभं राहून बघतात. खरी परीक्षा बाहेर पडताना, आणि तीही तिसऱ्या तासाला, हात गारठलेले, बायंडिंगवर बर्फाची पापडी, पाय थकलेले. माझ्या आईला बोटांचा संधिवात आहे. तिला मॅन्युअलचा छोटा खटका चिमटीत धरून उचलणं होत नाही, हातमोजा घालून तर नाहीच. ऑटोचं बटण काठीने दाबता येतं, त्यात बोटांचं काम नाही, तिला तेच जमतं. माझ्या वडिलांना कुठलाही त्रास नाही पण टक्क ऐकू आला नाही की ते घाबरतात, त्यांना मॅन्युअल. एकाच घरात दोन प्रकार, काही बिघडत नाही.

आणखी एक. पडल्यावर स्की एकमेकींत अडकल्या तर हात बायंडिंगपर्यंत पोचत नाही बऱ्याचदा, काठी पोचते. क्रॉस-कंट्रीचं बायंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही हे नवीन लोकांना माहीत नसतं. उतारावरच्या स्कीचं सुटतं, याचं नाही. म्हणजे सोडवायचं काम आपल्यालाच. (पडल्यावर शक्यतो स्की काढूच नये, पाठीवर वळून स्की वर करून समांतर आणाव्यात, उताराला आडव्या टेकवाव्यात आणि गुडघ्यांवर येऊन उठावं. पण दर वेळी जमतंच असं नाही.)

सरळरेषा

आजीचा नातू +१

काठीने दाबण्याबद्दल एक बारीक मुद्दा. टूरिंगच्या साध्या काठीला गोल चकती आणि खाली टोक असतं, ते बटणावरच्या खळग्यात व्यवस्थित बसतं. शर्यतीच्या काठ्यांची चकती छोटी, एका बाजूला झुकलेली असते, ती कधीकधी मध्ये येते आणि टोक घसरतं. बायंडिंग बघायला जाताना आपलीच काठी घेऊन जा आणि आपलेच हातमोजे. मोजे घालून, उभं राहून, स्वतःच्या काठीने उघडून बघा. विक्रेता बोटाने दाबून दाखवतो, त्याला काय जातंय.

बटण किती मोठं, खळगा किती खोल, हे मॉडेलागणिक बदलतं. शंका असेल तर मोठ्या बटणाचं घ्यावं.

मंदगती

वा, बरंच उलगडलं. पण ते टर्नॅमिक काय प्रकरण आहे? त्याला तर म्हणे गोल फिरवायचं असतं.

लोखंडी कोंबडा

हो. पुढे एक लांबडी मूठ असते, वरून खटका उचलण्याऐवजी ती आडवी फिरवायची. एका बाजूला फिरवली की उघडं, सरळ केली की बंद. फायदा असा की मूठ मोठी आहे, हातमोज्यात पकडता येते आणि बंद आहे की नाही ते लांबून दिसतं. बर्फाची पापडी धरली तरी फिरवताना ती तुटते, वर उचलायच्या खटक्यात बर्फ अडकला तर नखाने खरवडत बसावं लागतं तसं नाही. माझ्या मते हातमोजे न काढता वापरायचं मॅन्युअल हवं असेल तर टर्नॅमिकइतकं सोयीचं दुसरं नाही. पण वाकावं लागतंच.

त्यांच्यातही स्टेप-इन म्हणजे पाय टाकला की लागणारं मॉडेल मिळतं, फिशरचं कंट्रोल स्टेप-इन त्यातलंच. वहिनींसाठी तसं काहीतरी बघा.

आजीचा नातू

टर्नॅमिकबद्दल सहमत, फक्त मनगट दुखणाऱ्यांनी फिरवून बघावं आधी. आईला ते फिरवणं खटका उचलण्यापेक्षा बरं वाटलं पण काठीने दाबणंच शेवटी तिला रुचलं.

गारठलेला

मी एक मूर्ख प्रश्न विचारतो. बर्फ भरतो म्हणून ऑटो नको म्हणताय, मग बर्फ भरूच नये म्हणून काही करता येत नाही का?

खटपट्या

मूर्ख कशाला, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. अर्ध्याहून जास्त त्रास बायंडिंगचा नसतोच, सवयींचा असतो.

एक म्हणजे गरम बूट. उबदार खोलीतून किंवा गाडीतून उतरलं की तळवा गरम असतो, बर्फावर पाय पडला की तो बर्फ वितळतो आणि दोन मिनिटांत दांडीभोवती गोठून दगड होतो. म्हणून बूट घालून बाहेर जरा थांबावं, तळवा थंड होऊ द्यावा, मग बर्फावर पाय ठेवावा. तसंच स्कीचं. रात्री घरात ठेवलेली गरम स्की एकदम बर्फावर टाकली की बायंडिंगमध्ये तोच प्रकार. थोडा वेळ बाहेर उभी करून ठेवा.

दुसरं, पाय टाकण्याआधी तळवा घासणे. बायंडिंगच्या पुढच्या काठावर दांडी दोनतीनदा पुढेमागे घासली की बर्फ निघतो. काठीच्या टोकाने खाचा उकरायच्या. काही लोक स्कीच्या वरच्या पृष्ठभागावर बूट घासतात, तिथे ओरखडे आले की मग रडतात.

तिसरं, सिलिकॉन स्प्रे. कोरड्या बायंडिंगवर, दांडीच्या पोकळीत आणि बुटाच्या तळव्यावर आदल्या रात्री मारून ठेवायचा, बर्फ चिकटत नाही असं नाही पण पटकन सुटतो. फक्त स्कीच्या खालच्या बाजूला, विशेषतः मधल्या पकडीच्या भागावर उडू देऊ नका, नाहीतर चढावर पाय मागे मागे जाईल आणि दोष स्कीला द्याल. स्की बाजूला आडवी धरून कापडावर स्प्रे घेऊन पुसलं तर हा धोकाच नको.

आणि वापरून झालं की पुसून कोरडं करून ठेवायचं. वाळू, खडी, मीठ टाकलेल्या रस्त्यावर बूट घालून चालू नये, दांडी गंजते आणि जबड्यात रेती जाते. ऑटोचा जबडा रेतीला फार नाजूक.

गारठलेला

धन्यवाद! गरम बुटाचं डोक्यातच आलं नव्हतं.

शीतल वारा

खटपट्या, हे सगळं केलं तर ऑटो चालतं हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत की :)

खटपट्या

सिद्ध केलं तर केलं. तरी माझ्या स्कीवर मॅन्युअलच राहणार.

सरळरेषा

ऑटोवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. टक्क झाल्यावर लगेच निघू नका. टाच वर उचला, बूट डावीउजवीकडे जरा पिळा, स्की उचलून झटका. निघाला तर इथेच निघेल, उतारावर नाही. आणि पाय टाकताना वजन टाचेवर नको, पुढच्या चवड्यावर. नवीन माणूस टाच दाबत बसतो आणि म्हणतो लागत नाही. उतारावर असाल तर स्की उताराला आडवी ठेवायची आणि खालच्या बाजूची आधी घालायची, नाहीतर वरची घालेपर्यंत खालची एकटीच फिरायला जाते.

हिमांगी_

उशिरा आले धाग्यावर. एक मुद्दा कुणीच घेतला नाहीये, बायंडिंग स्कीवर बसवतात कसं त्याचा. "सोपं" यात तेही आलं पाहिजे.

हल्ली बऱ्याच स्कीवर कारखान्यातूनच प्लेट लावून येते. एनआयएस नावाची प्लेट रॉसिन्योल, मॅडशस आणि रॉटेफेला यांनी २००५ मध्ये आणली, त्यावर बायंडिंग सरकवून अडकवायचं, भोकं पाडायची गरज नाही. फिशर, रॉसिन्योलवाल्यांची आयएफपी म्हणून दुसरी प्लेट आहे, ती टर्नॅमिकसाठी. इथे लक्ष द्या, बूट सगळीकडे चालतो पण प्लेट आणि बायंडिंग यांची जोडी जुळलीच पाहिजे. एनआयएस प्लेटवर आयएफपीचं बायंडिंग सरकत नाही. म्हणजे तुम्ही स्की ठरवली की बायंडिंगचे पर्याय पुन्हा एकदा गाळले जातात. मंदगतीदादा, तुम्ही स्की ठरत आल्यात म्हणालात, तर त्यावर कुठली प्लेट आहे की सपाट आहे ते आधी बघा.

प्लेटचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बायंडिंग पुढेमागे करता येतं. क्लासिकमध्ये स्कीच्या मधल्या भागाला बाक असतो, त्याच्या खाली मेण किंवा खवले किंवा मोहेरची (बोकडाच्या केसांची) पट्टी असते, पाय दाबला की तो भाग बर्फाला टेकतो आणि पकड मिळते, पाय सैल सोडला की बाक उचलला जातो आणि स्की घसरते. बायंडिंग किंचित पुढे घेतलं की पकड वाढते, मागे घेतलं की घसरण चांगली होते. बर्फ कडक आणि निसरडा, चढ जास्त, दमलेलो आहोत अशा वेळी पुढे. मोहेरची पट्टी वाजवीपेक्षा जास्त ओढून धरत असेल तर मागे. एनआयएसवर यासाठी एक छोटी चावी लागते, ती घालून सरकवायचं. रॉटेफेलाचं मूव्ह म्हणून आहे त्यात चावी नको, स्की पायात असताना गोल खुंटी फिरवून सरकवता येतं. मोहेरवाल्या स्की घेणार असाल तर या सोयीचा जरूर विचार करा, टक्क आवाजापेक्षा ती जास्त उपयोगी पडते असं माझं स्पष्ट मत.

लोखंडी कोंबडा

हिमांगी, हे माझ्याकडून राहूनच गेलं असतं. फक्त मूव्हची खुंटी फिरवायला वाकावं लागतं हे वहिनींसाठी नमूद करून ठेवतो.

हिमांगी_

हो, पण ती दिवसातून एखाददा फिरवायची, आणि बसून काहीतरी खाताना फिरवली तरी चालते.

मंदगती

हिमांगी, माझ्या स्कीवर एनआयएस प्लेट आहे, आत्ताच फोटो बघून खात्री केली. बायकोला ज्या आवडल्यात त्या मात्र सपाट आहेत, प्लेट नाही. म्हणजे भोकं पाडावी लागणार?

खटपट्या

सपाट असेल तर स्क्रूचं बायंडिंग, हो. दुकानदाराकडून बसवून घेणं उत्तम. घरी करायचंच असेल तर:

प्लेट नसलेल्या स्कीवर आधी तोल बघायचा. स्की एका पातळ पट्टीच्या धारेवर आडवी ठेवून जिथे समतोल राहते तिथे पेन्सिलने रेघ. क्लासिकसाठी बुटाची दांडी त्या रेघेवर यायला हवी. बायंडिंगच्या डब्यात कागदी साचा येतो किंवा कंपनीच्या साइटवर मिळतो, तो रेघेवर चिकटवून भोकांच्या खुणा. साचा स्कीच्या मध्यावर आहे ना ते तीनदा बघा, तिरका बसला तर बूट आयुष्यभर तिरका. भोकाला ३.६ मिमीचं पातं, स्कीच्या वरच्या थरात धातू असेल तर ४.१. पात्याला खोलीची अडवण लावा, आरपार गेलात तर खालचा तळ गेला. भोकात स्कीचा गोंद किंवा लाकडाचा पाण्याला टिकणारा गोंद, मग स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर साधा फुलीवाला नको, पोझीड्राइव्ह तीन नंबरचा, साध्याने डोकी झिजतात. आणि आवळताना जोर नको, आत हलका गाभा असतो, एकदा भोक मोकळं झालं की स्क्रू नुसता गरागरा फिरतो.

तिरकी टोपी

काय हो हा अन्याय, १९२७ मध्ये नॉर्वेच्या ब्रोर विथने रॉटेफेला काढलं, तीन खुंट्या आणि वरून एक पट्टी, त्यावर लोकांनी अख्खी हयात स्कीइंग केलं आणि तुम्ही मात्र चावी, खुंटी, मूठ, बटण करताय. माझ्याकडे अजून ७५ मिमीचे तीन खुंट्यांचे आहेत. वापरायला याहून सोपं काय, बुटाच्या चोचीतली तीन भोकं तीन खुंट्यांवर बसवायची, पट्टी काठीने दाबायची, खल्लास.

लोखंडी कोंबडा

काका, तीन खुंट्यांना नमस्कारच आहे, लांबच्या रानवाटांवर आजही लोक वापरतात आणि दुरुस्तीला ते सगळ्यात सोपं. पण नवख्याला त्यात डावा-उजवा वेगळा असतो, चोचीतली भोकं झिजली की बूट डुगडुगतो, आणि चाकोरीतून जाताना चोच आणि पट्टी कडेला घासते. मंदगतींच्या कामाचं नाही ते.

तिरकी टोपी

डावा उजवा न कळणाऱ्याने स्कीच करू नये ;)

बाकी चालू द्या. वाचनखूण साठवली आहे.

गारठलेला

रानवाटांचा विषय निघालाच आहे तर, चाकोरी नसलेल्या बर्फात जायचं असेल तर हीच बायंडिंग चालतात का?

सरळरेषा

मळलेल्या रुंद वाटेवर चालतात. खोल बर्फात, पाठीवर वजन घेऊन जायचं असेल तर एनएनएन बीसी (बॅककंट्री, म्हणजे रानवाटांसाठीचं) वेगळं असतं, त्याची दांडी जाड आणि रुंद, तळवाही रुंद. नाव सारखं आहे म्हणून फसू नका, बीसीचा बूट साध्या एनएनएनमध्ये बसत नाही आणि साधा बीसीमध्ये बसत नाही. रॉटेफेलाचं एक्सप्लोर म्हणून त्याहून नवीन आहे, त्याला त्याचेच बूट लागतात. आणि तिथे ऑटो-मॅन्युअल भांडणात मी पूर्ण खटपट्याच्या बाजूने, रानात मॅन्युअल. घरापासून लांब जबड्यात बर्फ भरला आणि लागेना तर पायी परत या.

वाचकमात्र

एक शंका. रबराबद्दल कुणी बोललं नाही. बायंडिंगच्या पुढे ते रबरी असतं ते मऊ-कडक मिळतं म्हणे?

हिमांगी_

बरोबर. टाच उचलली की बुटाचं टोक त्या रबरावर दाबलं जातं, आणि रबर पाय परत खाली ढकलतं. क्लासिकला मऊ किंवा मध्यम घ्यायचं म्हणजे टाच मोकळेपणाने उचलता येते, पाऊल लांब पडतं. कडक रबर स्केटिंगच्या शैलीसाठी, तिथे स्की बुटाला पटकन परत चिकटायला हवी असते. जुनी किंवा दुसऱ्याची स्की घेताना क्लासिकच्या बायंडिंगवर कडक रबर बसवलेलं निघालं तर पोटऱ्या दुखतात आणि कारण सापडत नाही. रबर बदलता येतं, स्वस्तातलं काम आहे, मोठं काही नाही. वर्षांनुवर्षं वापरून चिरा पडल्या तरी बदलावं.

मंदगती

मंडळी, मनापासून आभार. बायकोला धागा वाचून दाखवला. आमचं ठरलं ते असं. दोघांचे बूट एनएनएन जुळणारे, ते आधी, पायात घालून तासभर फिरून. माझ्या प्लेटवर मूव्ह, मॅन्युअल. बायकोला स्टेप-इन, मोठ्या बटणाचं, आणि तिने तिची काठी घेऊनच दुकानात जायचं असं जाहीर केलंय. भोकं मी पाडणार नाही, "स्वतः पाडायची असतील तर तुझ्या स्कीला पाड" असा हुकूम आहे.

शीतल वारा

हुकूम योग्य आहे.

नवा गडी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. वापरलेले एसएनएसचे बूट आणि स्की दोन्ही एकत्र फार कमी भावात मिळतायत. तुम्ही सगळे एनएनएन म्हणताय, मग घेऊ की नको?

लोखंडी कोंबडा

बूट आणि बायंडिंग दोन्ही त्याच सिस्टिमचे असतील आणि बूट पायाला बसत असतील तर वापरायला वाईट नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, बुटाखाली दांड्या किती? एक असेल तर प्रोफिल, दोन असतील तर पायलट. एका दांडीचा बूट पायलटच्या बायंडिंगवर चालत नाही, त्याला दुसरी दांडी लागते. दुसरं, तळवा हाताने वाकवून बघा. बरीच वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा तळवा आतून कुजतो, बाहेरून नवाकोरा दिसतो आणि बर्फावर गेल्यावर तुकडे होऊन पडतो. वाकवताना पांढऱ्या चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर स्कीसकट सोडून द्या, कारण ते बूट गेले की त्या बायंडिंगला बसणारे नवे बूट शोधत फिरावं लागेल.

नवा गडी

दांडी एकच आहे. तळवा उद्या वाकवून बघतो.

खटपट्या

आणि दांडी बोटाने हलवूनही बघ. बुटात दोन्ही टोकांना घट्ट असली पाहिजे, जरा जरी खुळखुळली तर नको.